माहीमच्या पाण्यातला नायट्रस ऑक्साइड: अपवेलिंग की खाडी?

प्रकल्प अहवालातलं वाक्य असं होतं: ‘माहीमच्या उपसागरात पृष्ठभागाच्या पाण्यात नायट्रस ऑक्साइड अपेक्षेपेक्षा कितीतरी पट जास्त आढळला, याचं कारण नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे होणारं अपवेलिंग.’ लिहिणारी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, रसायनशास्त्राची. वाक्याचा पहिला भाग मोजून आलेला होता आणि त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. दुसरा भाग तिने वाचलेल्या शोधनिबंधांतून आला होता. अपवेलिंग म्हणजे समुद्राचं खालचं पाणी वर येणं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा वायू पावसाळ्यात प्रचंड प्रमाणात तयार होतो हे जगाला ठाऊक आहे, मुंबई पश्चिम किनाऱ्यावर आहे, नमुना सप्टेंबरच्या अखेरीचा आहे. मग कारण तेच असणार, असा तिचा सरळ हिशेब.

मी तिची मार्गदर्शक. तो दुसरा भाग तपासायला आम्हाला जवळजवळ अख्खा पावसाळ्यानंतरचा हंगाम लागला. त्या तपासाची ही नोंद. सविस्तर लिहिते आहे, कारण किनाऱ्यालगतच्या पाण्यातले वायू मोजणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीपुढे हाच प्रश्न उभा राहतो.

हा वायू मोजायचा कशासाठी

हवेत नायट्रस ऑक्साइड अगदी थोडा आहे. औद्योगिक क्रांतीच्या आधी अब्ज भागांत सुमारे 270 भाग होता, 2019 साली 332 झाला. पण शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड 273 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, आणि हवेत शंभराहून अधिक वर्षं टिकतो. वर स्थितांबरात पोचला की ओझोनही खातो. जमिनीवर त्याचा मोठा उगम खतं घातलेली शेती. समुद्राचा वाटाही मोठा आहे, आणि तो सगळीकडे सारखा वाटलेला नाही. पेरू, चिली, नामिबिया आणि आपला अरबी समुद्र, अशा जिथे खालचं पाणी वर येतं त्या किनाऱ्यांलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यांतून त्यांच्या आकाराच्या मानाने फार जास्त वायू निघतो.

त्याचं मूळ सूक्ष्मजीवांत आहे. दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेवर अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट होतं. तिला नायट्रिफिकेशन म्हणतात. तिला ऑक्सिजन लागतो, आणि नायट्रस ऑक्साइड हे तिचं जोडउत्पादन. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर ते अगदी किरकोळ निघतं. ऑक्सिजन कमी होत गेला की त्याचं प्रमाण वाढतं. दुसरी वाट उलट दिशेची, डीनायट्रिफिकेशनची: ऑक्सिजन जवळपास संपला की जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात, आणि नायट्रेट, नायट्राइट, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड अशा पायऱ्या उतरत शेवटी साधा नायट्रोजन वायू होतो. या वाटेवर आपला वायू मधली पायरी आहे. तिथे तो तयारही होतो आणि खर्चही होतो.

विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते. ‘ऑक्सिजन कमी, म्हणजे नायट्रस ऑक्साइड जास्त’ हे अर्धंच खरं. ऑक्सिजन पूर्ण गेला की शेवटची पायरीही नीट चालू होते आणि वायू उलट संपतो. खोल अरबी समुद्रात ऑक्सिजनविरहित थराच्या गाभ्यात तो कमी असतो, आणि त्या थराच्या वरच्या-खालच्या कडांना जास्त. वायू साठतो तो कडेला. कडा सरकत राहते, म्हणून आकडेही सरकतात.

1999 साली काय दिसलं होतं

विद्यार्थिनीने ज्याचा आधार घेतला होता ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, 2000 साली ‘नेचर’मध्ये आलेलं. 1999 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या शरदात त्यांना पश्चिम किनाऱ्याच्या खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या पट्ट्यावर, ऑक्सिजन संपलेलं पाणी सापडलं. काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही होता. कमी ऑक्सिजनच्या या पट्ट्याचा विस्तार त्यांनी सुमारे 1,80,000 चौरस किलोमीटर धरला. नायट्रस ऑक्साइडचे आकडे तोवर समुद्राच्या पृष्ठभागाजवळ कुठेही न दिसलेले. उबदार समुद्राचं पाणी हवेशी समतोलात असेल तर त्यात हा वायू लिटरला 6 नॅनोमोलच्या आसपास असतो. इथे ते शेकड्यांत गेले होते. एवढ्या पट्ट्यातून हवेत जाणारा वायू त्यांनी 0.06 ते 0.39 दशलक्ष टन इतका काढला.

एवढा का, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला आजही फार मोलाचं वाटतं. नायट्रस ऑक्साइडचा नायट्रोजन करणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनला अतिशय नाजूक असतं. उथळ पाण्यात वारा आणि लाटा अधूनमधून वरचा ऑक्सिजन खाली ढकलतात. तेवढ्यानेही शेवटची पायरी बंद पडते, पण आधीच्या पायऱ्या चालूच राहतात. वायू तयार होतो आणि मोडायला कोणी नसतं. खोल समुद्रातल्या स्थिर थरात हे होत नाही. ज्या पाण्याचा ऑक्सिजन सतत येतो-जातो तिथे होतं.

ऑक्सिजन इतका खाली का जातो हेही बघायला हवं. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं गार, खारट, मुळातच कमी ऑक्सिजनचं पाणी खंडमंचावर चढतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जोरात, उत्तरेकडे येताना मंदावत जातं. जगातल्या इतर अपवेलिंगच्या किनाऱ्यांपेक्षा आपलं वेगळेपण असं की हे पाणी बहुतेक वेळा पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस नद्यांनी समुद्रात येतो आणि गोड्या, हलक्या पाण्याचा पातळ थर वर पसरतो. खालच्या पाण्याला हवेचा स्पर्श मिळत नाही, वरून पडणारे सेंद्रिय कण तिथेच कुजतात, आणि उरलासुरला ऑक्सिजनही जातो.

गोव्याजवळ कांदोळीसमोर 1997 पासून एकाच जागी, जेमतेम 27 मीटर खोलीच्या पाण्यात, नियमित नमुने घेतले जातात. तिथला वर्षाचा क्रम आता चांगला माहीत आहे: पावसाळा सुरू झाला की तळाचा ऑक्सिजन उतरतो, नायट्रेट खर्च होऊ लागतं आणि नायट्रस ऑक्साइड चढतो, नायट्रेट संपलं की सल्फाइड येतो आणि नायट्रस ऑक्साइड पडतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रवाह उलटला की सगळं पुसलं जातं. आणि दोन वर्षं सारखी नसतात. हिंद महासागरातला द्विध्रुव (त्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातल्या फरकाचा हेलकावा) धन अवस्थेत असला, जसा तो 1997 साली होता, तर पश्चिम किनाऱ्यावर खालचं पाणी नेहमीइतकं वर चढत नाही आणि ऑक्सिजनही तितका संपत नाही. पेरूकडे हेच काम एल निनो करतो. 2015 च्या एल निनोत तिथला नायट्रस ऑक्साइड उतरला होता. 2000 च्या त्या निबंधात शेतीतून येणाऱ्या नायट्रोजनमुळे ही स्थिती बिघडत असावी असं सुचवलं होतं. त्यावर पुढे बराच वाद झाला, आणि तो साहजिक होता, कारण वर्षावर्षातला फरकच इतका मोठा आहे की त्यातून सावकाश वाढणारा कल वेगळा काढणं फार अवघड.

मुंबईसमोर हे लागू पडतं का

विद्यार्थिनीला मी पहिल्यांदा नकाशा उघडायला सांगितला. कोचीसमोर खंडमंच साठेक किलोमीटर रुंद आहे. मुंबईसमोर तो जवळपास 300 किलोमीटर पसरला आहे. बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर आहे आणि तिथेही पाणी 75 मीटरच खोल. कमी ऑक्सिजनचं पाणी साधारण शंभर-दीडशे मीटरखाली सुरू होतं. ते माहीमपर्यंत यायचं तर एवढं उथळ पठार ओलांडावं लागेल, तेही अशा अक्षांशावर जिथे अपवेलिंगचा जोर आधीच कमी आहे.

दुसरी गोष्ट भरतीची. गोव्यात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटर. मुंबईत तो पाच मीटरच्या आसपास जातो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं तेव्हा किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र तळापर्यंत ढवळून निघतो. मुंबईचं किनाऱ्याचं पाणी वर्षभर गढूळ असतं ते यामुळेच. ज्या गोड्या थराच्या झाकणाखाली गोव्यात ऑक्सिजन संपतो, ते झाकण इथे किनाऱ्यालगत टिकत नाही.

तिसरी गोष्ट नमुन्याची स्वतःची. वर आलेलं खालचं पाणी ओळखू येतं: गार, खारट, नायट्रेट भरपूर, अमोनिया नगण्य. तिच्या वहीत माहीमच्या नमुन्याची नोंद नेमकी उलटी होती: कोमट, क्षारता समुद्राच्या पाण्यापेक्षा स्पष्ट कमी, अमोनिया चिकार. मिठी नदी माहीमच्या खाडीतूनच समुद्राला मिळते, आणि तिच्यातून शहराचं सांडपाणी येतं हे मुंबईत कोणाला सांगायला नको. आम्हाला बोटीतून नेणारे नाखवा पहिल्याच दिवशी तिला म्हणाले होते, “पोरी, बाहेरचं पाणी असं दिसत नाय. ही ओहोटी हाय, हे खाडीचं पाणी खाली चाललंय.” ते तिच्या वहीत एका कोपऱ्यात लिहिलेलंही होतं. अहवालात आलं नव्हतं. माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची नोंद तीच होती.

तपास कसा केला

जागा एक ठेवायची आणि वेळ बदलायची, असं ठरवलं. उपसागराच्या तोंडाशी बोट नांगरून भरतीच्या टोकापासून ओहोटीच्या टोकापर्यंत आणि परत भरतीपर्यंत दर तासाला वरचा आणि तळाचा नमुना. हे एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, कारण भांगाच्या दिवसांत पाण्याची ये-जा कमी होते आणि खाडीचं पाणी जास्त वेळ रेंगाळतं. नाखवांना यात नवल वाटलं नाही. डोल जाळं लावणारा माणूस तारीख तिथीने मोजतो. त्यांनीच आम्हाला कोणत्या तिथीला कोणत्या वेळी निघायचं ते सांगितलं.

नमुना घेण्याचं काम दिसायला साधं आहे, पण सगळा भरवसा त्यावर असतो. बाटलीतून आलेली रबरी नळी काचेच्या कुपीच्या तळाला टेकवायची, पाणी सावकाश सोडायचं, कुपी भरून दोन-तीनदा ओसंडू द्यायची, नळी हळूच काढायची, मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकून सूक्ष्मजीव मारायचे आणि रबरी बूच बसवून ॲल्युमिनियमची टोपी आवळायची. मग कुपी उलटी धरून उजेडात बघायची. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी तो नमुना बाद. बोट हलत असते, हातमोजे ओले असतात, पाऱ्याच्या क्षारामुळे घाई करता येत नाही. विद्यार्थिनी हे फार छान शिकली. पुढे तिच्या कुप्या मला तपासाव्या लागल्या नाहीत. या कुप्या नंतर ज्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर असलेला गॅस क्रोमॅटोग्राफ (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) आहे तिथे पाठवल्या.

ऑक्सिजन मात्र बोटीवरच विंक्लरच्या पद्धतीने बांधून घेतला. मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड टाकलं की पाण्यात साका येतो. ऑक्सिजन असेल तर तो विटकरी-तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो. भरतीच्या बाटल्या गडद तपकिरी निघाल्या. ओहोटी जसजशी उतरत गेली तसतशा बाटल्या फिक्या होत गेल्या, आणि ओहोटीच्या टोकाच्या बाटलीतला साका जवळजवळ दुधी होता. आकडे काढायच्या आधीच त्या ओळीने ठेवलेल्या बाटल्यांनी निम्मं उत्तर दिलं. विद्यार्थिनी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसली होती.

आकडे काय म्हणाले

क्षारता आडव्या अक्षावर आणि नायट्रस ऑक्साइड उभ्या अक्षावर मांडला. दोनच पाणी मिसळत असतील, एक खाडीचं आणि एक समुद्राचं, तर बिंदू एका सरळ रेषेवर पडायला हवेत. दुधात पाणी घालत गेलं की दाटपणा ज्या हिशेबाने कमी होतो त्याच हिशेबाने. बिंदू रेषेच्या वर गेले तर वाटेत वायू तयार होतो आहे. खाली गेले तर तो खर्च होतो आहे किंवा हवेत निसटतो आहे.

पहिली गोष्ट लख्ख दिसली: क्षारता उतरली की वायू चढत होता, आणि भरतीबरोबर आत येणाऱ्या खारट पाण्यात तो सर्वांत कमी होता. अपवेलिंग कारण असतं तर याच्या नेमकं उलटं दिसायला हवं होतं. तळाचा नमुना वरच्यापेक्षा गार नव्हता आणि त्यात नायट्रेटही जास्त नव्हतं. बाहेरून खालचं पाणी आत येतं आहे याची एकही खूण मिळाली नाही. तिच्या वाक्यातलं कारण इथे निकालात निघालं.

दुसरी गोष्ट अधिक रोचक, पण मी ती जपून सांगते, कारण बिंदू थोडे आहेत. साका जवळजवळ दुधी झालेल्या, सर्वांत कमी क्षारतेच्या पाण्यात वायू सर्वांत जास्त नव्हता. तो त्याच्या जरा अलीकडे होता, जिथे खाडीचं अमोनियाने भरलेलं पाणी आणि थोडा ऑक्सिजन घेऊन आलेलं पाणी एकत्र येत होतं. तिथे बिंदू रेषेच्या वर गेले होते. हे अपेक्षितच म्हणायला हवं. अमोनिया आहे, ऑक्सिजन थोडासा आहे: नायट्रिफिकेशनमधून जास्तीत जास्त वायू सुटावा अशीच ती स्थिती. 1999 साली गोव्यासमोर लाटा-वारा जे करत होते, ते इथे भरती करत असावी. कारण वेगळं, वाट बहुधा वेगळी, पण वायू साठतो तो पुन्हा कडेलाच. नक्की कोणती वाट, ते या मोजमापातून ठरत नाही. त्यासाठी नायट्रोजनच्या समस्थानिकांची मांडणी बघावी लागते. रेणूतल्या मधल्या आणि टोकाच्या नायट्रोजनमधला फरक दोन्ही वाटांचा वेगळा असतो. ते काम पुढच्या कोणाचं तरी.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली. भरतीचं पाणी आम्ही ‘समुद्राचं पाणी’ धरलं, पण वरळी आणि वांद्र्याच्या केंद्रांमधून सांडपाणी तीन किलोमीटरहून लांब नळांतून आत समुद्रात सोडलं जातं. म्हणजे भरतीबरोबर येणारं पाणीही कोरं नाही. आमच्या रेषेचं ते टोक त्यामुळे जरा वर असणार. खरं समुद्राचं टोक हवं असेल तर बरंच बाहेर जायला हवं.

वेळेचा प्रश्न

पहिल्या अहवालातला एकच आकडा दुपारच्या ओहोटीचा होता. तोच नमुना सहा तासांनी घेतला असता तर विद्यार्थिनीने कदाचित ‘वायू जवळपास समतोलात’ असं लिहिलं असतं, आणि तेही मोजून आलेलंच असतं. माझा आग्रह इथे आहे: किनाऱ्यालगतच्या पाण्यात भरतीची वेळ न लिहिलेला नायट्रस ऑक्साइडचा आकडा वापरू नये. तो खोटा नसतो, पण त्याला वर्षाच्या दिवसांनी गुणून वर्षाचं उत्सर्जन काढणं चूक आहे. त्यात वाऱ्याचा भाग वेगळाच. पाण्यातून हवेत जाणारा वायू वाऱ्याच्या वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. जुलैच्या वाऱ्यात आणि ऑक्टोबरच्या पडलेल्या हवेत तेच पाणी अगदी वेगळा हिशेब देतं.

आणि जुलैचे नमुने आमच्याकडे नाहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बरेच कोळी नारळी पौर्णिमेनंतरच दर्यात उतरतात, आणि खवळलेल्या समुद्रात छोट्या बोटीतून जाऊही नये. मुंबईच्या पाण्याबद्दल विद्यार्थ्यांनी केलेलं बहुतेक काम त्यामुळे सप्टेंबर ते मे या महिन्यांचं आहे. वारा सर्वांत जोराचा आणि नद्यांना पाणी सर्वांत जास्त असतं तो काळच निसटतो. यावर एक उपाय आम्ही सुरू केला आहे: पावसाळ्यात बोटीऐवजी खाडीवरच्या पुलावरून बादली-दोरीने नमुने घेणं. तळ मिळत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

कारण बदललं की पुढचं सगळं बदलतं, म्हणून एवढा खटाटोप. अपवेलिंगमधून येणारा वायू मोसमाच्या आणि महासागराच्या हातात आहे. खाडीतला अमोनिया शहराच्या हातात आहे. सांडपाण्यातला नायट्रोजन समुद्रात पोचण्याआधी काढला तर खाडीतून निघणारा वायू कमी होईल. तेही नीट केलं तरच: केंद्रात हवा अपुरी दिली तर तीच नायट्रिफिकेशनची अर्धवट वाट टाकीतच सुरू होते आणि वायू तिथूनच हवेत जातो. माहीमचा आकडा ‘अरबी समुद्राचं अपवेलिंग’ या रकान्यात गेला असता तर हा सगळा भाग कोणाच्या हिशेबातच आला नसता.

विद्यार्थिनीने अहवाल नव्याने लिहिला. वाक्य आता असं आहे: ‘माहीमच्या उपसागराच्या तोंडाशी नायट्रस ऑक्साइड ओहोटीला जास्त व भरतीला कमी आढळला, क्षारता व अमोनिया पाहता त्याचा उगम मुख्यतः खाडीच्या पाण्यात आहे.’ त्याखालच्या तक्त्यात प्रत्येक नमुन्यापुढे तारखेबरोबर तिथी आहे, आणि भरतीच्या टोकापासून किती वेळ गेला होता तेही. बाहेरच्या खंडमंचावर कमी ऑक्सिजनचं पाणी मुंबईच्या किती जवळ येतं, हा तिचा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. त्यासाठी मोठी बोट लागेल, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं लागेल.